शिकागो ते इंडियानापोलिस: ब्रोकरमार्फत माल पाठवताना ट्रकचं दार वाचा

सप्लाय चेनमध्ये एमएस करून मिडवेस्टात शिपिंगच्या नोकरीला लागलेली आपली बरीच मुलं-मुली हल्ली भेटतात. एलटीएल (ट्रकच्या काही भागापुरता माल), फुल ट्रकलोड, फ्रेट क्लास (भाडं ठरवायची मालाची वर्गवारी) हे तुम्ही शिकूनच आलेले असता, म्हणून त्यात शिरत नाही. मी शिकागोच्या पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या कारखान्यातून इंडियानापोलिसला माल पाठवते. आय-65 हा महामार्ग धरला की साधारण 180 मैल, म्हणजे दुपारपर्यंत पोचणारा माल.

तुम्हाला जीव तोडून सांगायचंय ते डबल ब्रोकरिंगबद्दल. आपण ब्रोकरला, म्हणजे ट्रक शोधून देणाऱ्या मध्यस्थाला, लोड (पाठवायचा माल) देतो, ब्रोकर तो एका कॅरिअरला, म्हणजे ट्रक चालवणाऱ्या कंपनीला, देतो. हा कॅरिअर स्वतःचा ट्रक न पाठवता, कुणालाही न सांगता, तोच लोड कमी पैशांत तिसऱ्याच्या गळ्यात मारतो. आमच्या बाबतीत माल वेळेवर पोचला, ब्रोकरचं बिलही आम्ही चुकतं केलं. मग एका अनोळखी ट्रकिंग कंपनीचा फोन आला: माल आम्ही नेला, आमचं भाडं कोण देणार? मधला पैसे घेऊन पसार झाला होता. ब्रोकरने हात वर केले, कारण त्याने आपल्या कॅरिअरला पैसे दिले होते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीवर, मात्र सही होती तिसऱ्याच्या ड्रायव्हरची. ते वकिली ईमेल आठवले की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या धक्क्यावर, जा आणि ट्रकचं दार वाचा. केंद्रीय नियमानुसार केबिनच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव आणि यूएसडॉट नंबर (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) हवा, तोही दिवसाउजेडी 50 फुटांवरून वाचता येईल असा. ट्रेलरवरचं नाव सोडून द्या. ट्रेलर भाड्याचा असू शकतो. दारावरचा नंबर ब्रोकरने कोणता कॅरिअर येणार ते कळवलेल्या कन्फर्मेशनवरच्या नंबरशी ताडून पाहा. जुन्या नावावर चुंबकाची पाटी चिकटवलेली दिसली तर ड्रायव्हरकडे ट्रकच्या नोंदणीची कागदपत्रं मागा. नंबर जुळत नसेल तर एकही पॅलेट चढवू नका. ब्रोकरला फोन करा, पण तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. ड्रायव्हर देईल त्या नंबरवर मुळीच नको. आणि बिल ऑफ लेडिंगवर कॅरिअरच्या रकान्यात ब्रोकरचं नाव कधीही टाकू नका. तिथे प्रत्यक्ष माल नेणाऱ्याचंच नाव हवं, कारण नुकसानीचा दावा मुख्यतः त्याच्यावर लागतो.

ब्रोकरचा 75,000 डॉलरचा बाँड (त्याला कायद्याने द्यावी लागणारी हमी) ऐकून निर्धास्त होऊ नका. तो माल फुटल्याची भरपाई करणारा विमा नव्हे, आणि ब्रोकर बुडाला तर ज्यांचे पैसे त्याच्याकडे अडकले ते सगळे त्याच रकमेवर तुटून पडतात. सामान्य माल नेणाऱ्या कॅरिअरला कार्गो विम्याची (नेत असलेल्या मालाच्या विम्याची) केंद्रीय सक्ती 2011 पासून राहिलेली नाही. तेव्हा विम्याचा दाखला थेट विमा एजंटकडून मागवा. ड्रायव्हरच्या फोनवरचा फोटो चालणार नाही.

सगळ्यात स्वस्त कोट घेऊन बॉसची शाबासकी मिळवायचा शॉर्टकट मला बिलकूल पटत नाही. बाजारभावापेक्षा फारच खाली आलेला दर कुणाच्या तरी खिशातून निघतोच. शिकायचंच असेल तर सेल्सवाल्यांच्या वेबिनारपेक्षा डॉकवरच्या जुन्या फोर्कलिफ्टवाल्यापाशी उभे राहा. कुठला ट्रक संशयास्पद आहे ते त्याला लांबूनच कळतं.

एवढं वाचून घाबरू नका. प्रामाणिक ब्रोकर भरपूर आहेत. जानेवारीत लेक मिशिगनवरून बर्फ आलं आणि वायव्य इंडियाना ठप्प झालं की असाच एखादा ब्रोकर रात्री फोन उचलून दुसरा ट्रक शोधून देतो. असे दोघे-तिघे मिळाले की त्यांना धरून ठेवा, त्यांचं बिल वेळेवर भरा.

आणखी एक: इंडियानापोलिसचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे असतं. तिथली माल उतरवायची सकाळी 8 ची अपॉइंटमेंट म्हणजे आपले 7, हे प्रत्येक ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.