ग्राइंडरची चकती बदलताना
धातू घासायच्या-कापायच्या चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ११,००० वेळा फिरते. नवी चकती घेताना तिच्यावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा. मशीनवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर लावूच नका. मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदतीची तारीखही असते, ती सहसा कुणी वाचत नाही. बदलण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लावल्यावर बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळी फिरवा. कापायच्या पातळ चकतीने आडवं घासू नका, फुटते. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, आडवं येतं म्हणून काढून ठेवायची आपल्याकडे फार हौस! आणि लाकडासाठी ग्राइंडरला दातेरी पातं? अजिबात नको. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं.