लम्पी, तिवा, निळी जीभ : पावसाळ्यात गुरं कशी सांभाळायची

लम्पी (अंगावर गाठी येतात तो) आणि तिवा (तीन-चार दिवसांचा, अंग थरथरतं तो) गायीबैलांना होतात, निळी जीभ मुख्यतः मेंढ्यांना. तिन्ही रोग विषाणूचे, तिन्ही चावणाऱ्या किड्यांमुळे पसरतात आणि तिन्हींवर विषाणू मारणारं औषध नाहीये, त्यामुळे आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, किडा गुरापर्यंत पोचू न देणं आणि आजारी पडलंच तर नीट सेवा करणं.

आधी लस. लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस टोचतात, 2022 च्या साथीत राज्यभर तीच दिली. अंगात प्रतिकारशक्ती यायला साधारण 3 आठवडे लागतात, म्हणून मिरगाच्या आधीच टोचून घ्या, शेजारच्या वाडीत गाठी दिसल्यावर धावपळ करून काय उपयोग? आणि ताप असलेल्या गुराला लस नको.

मग गोठा. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या पडलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाचे खोलगट भाग), जुने टायर, यात पाणी साचलं की डास झालेच, ते आठवड्यातून एकदा पालथे करा. ओला पेंढा आणि शेण एकत्र कुजतं तिथे चावरी माशी वाढते, तेव्हा शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब ठेवा आणि वर कोरडी माती किंवा प्लास्टिक टाका. चिऱ्याच्या भिंतीतल्या भेगा बघा, गोचीड तिथेच लपतात, त्या सिमेंटने बुजवा. गोचिडाचं औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच मारा.

चिलटं तिन्हीसांजेला आणि पहाटे जास्त चावतात. त्या वेळी गुरं आत घ्या, निरगुडी-करंजाच्या पाल्याची धुरी करा, फॅन असेल तर लावा, वाऱ्यात चिलटं टिकत नाहीत. काही जण मासेमारीचं जुनं जाळं खिडकीला बांधतात पण त्याची भोकं फार मोठी, चिलट एक ते तीन मिलिमीटरचं असतं, ते आरामात आत येतं. नवीन गुरू आणलंत तर 28 दिवस वेगळं बांधा.

रोज सकाळी मानेवरून, पाठीवरून हात फिरवा. सुपारीएवढी घट्ट गाठ लागली, ताप आहे, डोळ्या-नाकातून पाणी येतंय, तर लम्पी समजून लगेच वेगळं बांधा आणि 1962 या गुरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा. तिव्यात गाय अचानक थरथरते, आज एका पायाने लंगडते उद्या दुसऱ्या, कधी कधी बसूनच राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बसलेल्या गायीच्या तोंडात काही ओतू नका! तिव्यात गिळायची ताकद कमी होते, औषध फुप्फुसात जातं. आमच्या वाडीत एका गायीला प्रेमाने आलं-गुळाचा काढा पाजला, ती खोकायला लागली, दोन दिवसांनी न्युमोनियाने गेली. तिवा एरवी तीन-चार दिवसांत उतरतो हो, आजही ते आठवलं की पोटात तुटतं. डॉक्टर येईपर्यंत खाली भरपूर पेंढा घाला, दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पाणी तोंडासमोर ठेवा, प्यायची तेव्हा पिऊ दे.

लम्पीच्या फुटलेल्या गाठी पोटॅशियम परमँगनेटच्या (खताचं पोटॅश नव्हे) फिक्या गुलाबी पाण्याने धुवा, नंतर हळद आणि कडुनिंब घालून कढवलेलं खोबरेल लावा म्हणजे माशी बसत नाही. अँटिबायोटिक विषाणूसाठी नाही, जखमेत दुसरं इन्फेक्शन होऊ नये म्हणून असतं, ते डॉक्टर ठरवतील. दुखण्यावर घरातलं डायक्लोफिनॅक देऊ नका, ते दिलेलं गुरू मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात म्हणून गुरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे आणि रायगडात चिरगावला अजून गिधाडं आहेत, ती जगायला हवीत. लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्या.

दिवाळीनंतर घाट उतरून येणाऱ्या धनगर बांधवांसाठी : मेंढीचं तोंड सुजलं, लाळ गळतेय, खुरांच्या वर लाल रेघ दिसतेय तर ती निळी जीभ असू शकते, जीभ निळी व्हायची वाट बघू नका. सावलीत ठेवा, पातळ पेज, कोवळा पाला द्या. यावरही लस आहे, पण आजार यायच्या आधी घ्यायची.

गुरू दगावलंच तर उघड्यावर टाकू नका, विहिरीपासून लांब 8 फूट खड्डा काढून चुना घालून पुरा. कातळावर हाताने जमणार नाही, ग्रामपंचायतीला सांगून जेसीबी मागवा.