हॉटस्पॉट चालत नाही? सेटिंगला हात लावण्याआधी या चुका टाळा

फोनवर हॉटस्पॉट सुरू आहे, लॅपटॉपवर वाय-फायचे चिन्हही दिसते आहे, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण हाताला लागेल ते बदलू लागतात. पासवर्ड बदलतात, बँड (वाय-फायच्या लहरींचा पट्टा) बदलतात, फोन बंद करून चालू करतात आणि शेवटी फोनचे सगळे नेटवर्क सेटिंग पुसून टाकतात. मूळ अडचण बहुधा तशीच राहते. शिवाय आधी व्यवस्थित चालणाऱ्या दोन-तीन गोष्टी बिघडतात आणि नेमके काय चुकले होते हे कळण्याचा मार्गही बंद होतो. हॉटस्पॉटची दुरुस्ती मुळात अवघड नाही. ती अवघड होते ती चुकीच्या जागी सुरुवात केल्यामुळे.

कोणता दुवा तुटला आहे, हे न पाहणे

हॉटस्पॉटमध्ये दोन वेगवेगळे दुवे असतात. पहिला मोबाइल टॉवर आणि फोन यांच्यातला, दुसरा फोन आणि लॅपटॉप, टॅबलेट किंवा टीव्ही यांच्यातला. फोन या दोहोंच्या मध्ये राउटरचे काम करतो; जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला तो एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, देतो आणि त्या सगळ्यांची ये-जा आपल्या एकाच जोडणीतून करवतो. लॅपटॉपवरचे वाय-फायचे चिन्ह फक्त दुसऱ्या दुव्याबद्दल सांगते. ते पूर्ण भरलेले असूनही पहिला दुवा पार तुटलेला असू शकतो, आणि ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

म्हणून तपासणी नेहमी फोनपासून सुरू करावी. फोनचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे आणि केवळ मोबाइल डेटावर एखादे असे पान उघडावे, जे आधी कधी उघडलेले नाही. जुने पान फोनच्या साठ्यातूनही दिसू शकते आणि फसगत होते. पान उघडले नाही, तर लॅपटॉपला हातही लावू नये. डेटा बंद आहे का, दिवसाची मर्यादा संपली आहे का, दोन सिम असतील तर डेटासाठी भलतेच सिम निवडले गेले आहे का, हे आधी पाहावे. दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट घडते: दुसऱ्या सिमवर फोन आला की बोलणे संपेपर्यंत पहिल्या सिमचा डेटा अनेकदा थांबतो. मध्येच तुटणाऱ्या आणि आपोआप सुरू होणाऱ्या हॉटस्पॉटचे कारण पुष्कळदा हेच असते.

फोनवर पान उघडत असेल, तरच दुसऱ्या दुव्याकडे वळावे. येथे तीन अवस्था संभवतात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत: हॉटस्पॉटचे नावच दिसत नाही, नाव दिसते पण जोडणी होत नाही, जोडणी होते पण इंटरनेट मिळत नाही. पहिल्या अवस्थेचे मूळ बहुधा बँडमध्ये असते आणि दुसरीचे पासवर्डमध्ये किंवा सुरक्षेच्या प्रकारात. तिसरी अवस्था सर्वांत फसवी आहे, म्हणून तिच्याकडे थोडे जवळून पाहू.

लॅपटॉपवर त्या वाय-फायचे गुणधर्म उघडून आयपीव्ही४ पत्ता (फोनने द्यायचा तोच आयपी पत्ता) वाचावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर फोनने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. लॅपटॉपने वाट पाहून स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. अशा वेळी हॉटस्पॉट बंद करून पुन्हा सुरू करावा, लॅपटॉपवरून ते नेटवर्क विसरायला लावावे आणि नव्याने जोडावे. पत्ता दुसऱ्याच एखाद्या मालिकेतला आणि न बदलणारा दिसत असेल, तर कार्यालयाच्या नेटवर्कसाठी कोणीतरी तो हाताने भरून ठेवला आहे का, हे पाहून तो आपोआप मिळण्यावर ठेवावा. आयफोनच्या हॉटस्पॉटवर पत्ता १७२.२०.१० ने सुरू होतो, विंडोज लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर बहुधा १९२.१६८.१३७ ने. असा योग्य पत्ता मिळाला असूनही पाने उघडत नसतील, तर दोष बहुधा वाय-फायच्या जोडणीत नाही, असे समजावे. मग लॅपटॉपवरचे व्हीपीएन (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमार्फत सुरक्षितपणे नेणारी सोय) बंद करून पाहावे, हाताने भरलेला डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) काढून पाहावा आणि घड्याळही पाहावे. लॅपटॉपची तारीख चुकीची असेल, तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि जोडणी उत्तम असूनही ब्राउझर पान उघडू देत नाही.

एक शक्यता मात्र फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये सापडत नाही. काही मोबाइल कंपन्यांच्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा असते किंवा परवानगीच नसते. फोनवर सगळे सुरळीत, लॅपटॉपला पत्ताही मिळालेला आणि तरी एकही पान नाही, असे चित्र असेल, तर प्लॅनच्या अटी वाचणे आणि एपीएनचे (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटशी फोन जोडणाऱ्या दुव्याचे) सेटिंग कंपनीने सांगितल्याप्रमाणे आहे का ते पाहणे, हाच मार्ग उरतो.

बँड न समजता निवडणे

पाच गिगाहर्ट्झ वेगवान आहे, एवढे ऐकून तोच बँड कायमचा लावून ठेवणे ही फार मोठ्या प्रमाणात होणारी चूक आहे. वेग जास्त असतो हे खरे. पण या लहरी भिंतींतून लवकर क्षीण होतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक प्रिंटर, स्मार्ट बल्ब, कॅमेरे आणि जुने लॅपटॉप यांना हा बँड दिसतच नाही. नाव यादीत न येणे हा अशा वेळी बिघाड नसतो. त्या उपकरणापुरता तो हॉटस्पॉट अस्तित्वातच नसतो. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत हॉटस्पॉटच्या पडद्यावर ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’ हा पर्याय असतो, तो सुरू केला की हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो. अँड्रॉइड फोनमध्ये हीच सोय ‘एपी बँड’ किंवा ‘एक्स्टेंड कंपॅटिबिलिटी’ अशा नावांनी मिळते.

२.४ गिगाहर्ट्झचे दुखणे वेगळे आहे. तो बँड गर्दीचा आहे. ब्लूटूथ तिथेच चालते, मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर काम करतो, आणि यूएसबी ३ च्या हार्डडिस्क व केबलमधूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो. लॅपटॉपला अशी हार्डडिस्क लावून फोन तिला खेटून ठेवला, तर हातभर अंतरावरचा हॉटस्पॉटही रेंगाळू शकतो. फोन थोडा दूर सरकवला की फरक लगेच जाणवतो. माझ्या मते सर्वांत समजूतदार पद्धत ही की, रोजच्या कामाला लॅपटॉप जवळ असेल तर पाच गिगाहर्ट्झ ठेवावा आणि एखादे उपकरण हॉटस्पॉट शोधू शकले नाही, तर इतर काहीही करण्याआधी २.४ वर जाऊन पाहावे.

नाव आणि पासवर्ड

नाव मराठीत ठेवण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण तिला एक तांत्रिक मर्यादा आहे. वाय-फायच्या नावाला जास्तीत जास्त ३२ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसते, तर देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा आणि हलन्त चिन्हसुद्धा तीन-तीन बाइट घेते. ‘घरचा फोन’ हे नाव २२ बाइटमध्ये बसते. ‘आमचा हॉटस्पॉट’ मात्र ३७ बाइटचे होते आणि बसत नाही. शिवाय जुने टीव्ही आणि प्रिंटर देवनागरी नाव नीट दाखवतीलच असे नाही. आयफोनमध्ये हॉटस्पॉटचे वेगळे नाव नसते, फोनचे नावच वापरले जाते. त्यात वळणदार अवतरणचिन्ह किंवा इमोजी असेल, तर काही उपकरणे अडखळतात. साधी इंग्रजी अक्षरे आणि अंक यांचे नाव सर्वत्र चालते. त्यात स्वतःचे पूर्ण नाव किंवा फोन नंबर मात्र घालू नये, कारण हे नाव आसपासच्या प्रत्येकाला दिसते.

घरच्या राउटरचे नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा हॉटस्पॉटला देण्याची युक्ती सोयीची वाटते, कारण सगळी उपकरणे आपोआप जोडली जातात. अडचण नेमकी तीच आहे. राउटर सुरू असतानाही एखादा टीव्ही गुपचूप हॉटस्पॉटवर येतो आणि दिवसाचा डेटा संपवतो. पासवर्ड बदलल्यावरही एक गोष्ट विसरली जाते: जुन्या उपकरणात जुना पासवर्ड साठवलेला असतो आणि ते तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहते. तेथे नेटवर्क विसरायला लावून नव्याने जोडावे.

पासवर्डशिवाय हॉटस्पॉट कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही ठेवू नये. जोडलेला अनोळखी माणूस आपला डेटा वापरतो एवढेच नाही, तर त्याने जे केले ते आपल्या जोडणीच्या नावावर नोंदले जाते. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावाच लागतो. बारा-पंधरा अक्षरांचा, सहज अंदाज न येणारा ठेवावा. सुरक्षेचा प्रकार निवडताना फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फायच्या सुरक्षेचा नवा प्रकार; त्याआधीचा डब्ल्यूपीए२) निवडल्यास जुनी उपकरणे नाव दाखवतात, पण पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय असेल तर तो घ्यावा, नसेल तर डब्ल्यूपीए२ पुरेसा आहे.

आपोआप बंद होण्याला बिघाड समजणे

कोणी जोडलेले नसेल, तर काही मिनिटांनी हॉटस्पॉट बंद करण्याचे सेटिंग अँड्रॉइडमध्ये असते आणि विंडोजमध्येही असते. बॅटरी वाचवणारी ही सोय आहे. लॅपटॉप झोपी गेला की हॉटस्पॉट बंद होतो आणि नंतर तो ‘हरवला’ असे वाटते. आयफोनवर जोडणी करताना हॉटस्पॉटचा पडदा उघडा ठेवावा आणि ‘अलाउ अदर्स टू जॉइन’ सुरू आहे ना, ते पाहावे. अँड्रॉइडमध्ये डेटा सेव्हर सुरू असेल, तर अनेक फोनवर हॉटस्पॉटचे बटणच चालत नाही.

लॅपटॉपला हे मोबाइल डेटाचे जाळे आहे, हे न सांगणे

लॅपटॉपच्या दृष्टीने वाय-फाय म्हणजे भरपूर डेटा. म्हणून तो सिस्टिमचे अपडेट उतरवतो, छायाचित्रे क्लाउडवर चढवतो आणि मोठ्या पडद्याला साजेशा दर्जाचा व्हिडिओ मागतो. एचडी व्हिडिओला तासाला साधारण तीन जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, हे लक्षात घेतले की प्लॅन दुपारीच का संपतो, याचे कोडे उरत नाही. विंडोजमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करावे. दुसरा आयफोन किंवा आयपॅड जोडला असेल, तर त्यावर ‘लो डेटा मोड’ लावावा. हे सेटिंग प्रत्येक उपकरणावर एकदाच करावे लागते आणि या लेखातली एकच गोष्ट आजच्या आज करायची असेल, तर ती हीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

फोनवर व्हीपीएन सुरू आहे म्हणजे जोडलेला लॅपटॉपही त्यातून जातो, असा समजही सर्रास आढळतो. सर्वसाधारण अँड्रॉइड फोन आणि आयफोन यांवर तसे होत नाही. लॅपटॉपला संरक्षण हवे असेल, तर व्हीपीएन लॅपटॉपवरच लावावे.

फोन कुठे ठेवला आहे?

फोन लॅपटॉपशेजारी ठेवण्याची सवय दुसऱ्या दुव्याला सोयीची, पण पहिल्याला अनेकदा मारक असते. टॉवर दूर असतो, लॅपटॉप चार पावलांवर. म्हणून फोनची जागा टॉवरच्या सोयीने ठरवावी. खिडकीजवळ, उंचावर, धातूच्या कपाटापासून दूर ठेवून फोनवरच वेग मोजावा, मग लॅपटॉपवर मोजावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर अडसर टॉवरच्या बाजूला आहे. लॅपटॉपचा आकडा फारच कमी आला, तर वाय-फायच्या बाजूला.

खिडकी निवडताना ऊन मात्र टाळावे. हॉटस्पॉट चालवताना फोनचे दोन्ही रेडिओ (मोबाइल नेटवर्कचा आणि वाय-फायचा) सतत काम करतात, त्यात चार्जिंग सुरू असेल तर उष्णता वाढते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो किंवा हॉटस्पॉट बंद करतो. जाड कव्हर काढून ठेवावे. एकच लॅपटॉप जोडायचा असेल, तर यूएसबी केबलने जोडणे सर्वांत उत्तम: जोडणी स्थिर राहते, फोन चार्ज होत राहतो आणि वाय-फायचे सगळे प्रश्नच टळतात. विंडोजवर आयफोन असा जोडायचा असेल, तर अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर आधी बसवावे लागते. ब्लूटूथनेही इंटरनेट देता येते, पण वेग दोन-तीन एमबीपीएसच्या वर जात नाही, ईमेलपुरते ठीक.

लॅपटॉपवरून हॉटस्पॉट देताना

विंडोज १० आणि ११ मध्ये लॅपटॉप आपले इंटरनेट आठ उपकरणांपर्यंत वाटू शकतो. मॅकवर मात्र वाय-फायने आलेले इंटरनेट त्याच वाय-फायने पुढे सहसा देता येत नाही. ते केबलसारख्या दुसऱ्या मार्गाने आलेले असावे लागते.

रिसेटची घाई

नेटवर्क सेटिंग रिसेट केल्याने साठवलेली सर्व वाय-फाय नेटवर्कं आणि त्यांचे पासवर्ड पुसले जातात. बहुतेक फोनवर ब्लूटूथच्या जोड्या आणि हाताने भरलेले एपीएनही जातात. म्हणून हा उपाय सर्वांत शेवटी, वरचे सगळे तपासून झाल्यावर आणि एपीएनची माहिती कागदावर उतरवून ठेवल्यावरच करावा. त्याआधी त्याच फोनला दुसरे उपकरण आणि त्याच लॅपटॉपला दुसऱ्याचा हॉटस्पॉट जोडून पाहावा. दुसरे उपकरण व्यवस्थित चालले, तर फोन निर्दोष आहे आणि त्याचे रिसेट करण्याचे कारण नाही. लॅपटॉप दुसऱ्या हॉटस्पॉटवरही अडला, तर त्याच्या वाय-फाय ड्रायव्हरचे (वाय-फायचा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) अपडेट पाहावे.