नववीच्या वर्गात ज्यूंची हद्दपारी कशी शिकवावी

दोन तासिका सलग घ्या. 35 मिनिटांत विषय उरकला की मुलांच्या हाती फक्त नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा उरतो.

सुरुवात नकाशावर करा. नेदरलँड्समधलं वेस्टरबॉर्क (ज्यूंना पुढे पाठवण्याआधी ठेवायची छावणी) आणि पोलंडमधलं ऑशविट्झ (जिथे त्यांना नेलं, ती नाझी छावणी) इथे टाचण्या टोचून दोरा बांधा. वेस्टरबॉर्कहून पहिली गाडी 15 जुलै 1942 ला सुटली. पुढे बऱ्याच गाड्या मंगळवारी सुटत आणि आदल्या रात्री बराकीत जाणाऱ्यांची नावं वाचली जात. सुमारे 1,07,000 माणसं नेली, परतली जेमतेम 5,000. जर्मन रेल्वे या प्रवासाचं तिसऱ्या वर्गाचं भाडं लावायची, चार ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं. हा तपशील आवर्जून सांगा.

मग जमिनीवर खडूनं मालडबा आखा, अंदाजे 8 बाय 2.7 मीटर. 1944 मध्ये हंगेरीतून एकेका डब्यात सत्तर-ऐंशी माणसं भरली होती. चौकोन रिकामाच ठेवा. मुलांना त्यात उभं केलं की ढकलाढकली सुरू होते आणि विषयाचा खेळ होतो.

सगळ्या छावण्या एकाच माळेत ओवू नका. डाखाऊ 1933 पासूनची कैद्यांची छावणी. ट्रेब्लिंका मारण्यासाठीच बांधलेली, तिथे बहुतेकांना काही तासांतच मारलं. हातावर नंबर गोंदायचे ते ऑशविट्झमध्ये, तेही नोंद झालेल्या कैद्यांनाच.

"सर, पण हिटलर शिस्तीचा होता ना?" मराठवाड्यातल्या वर्गात हे हमखास येतं. रागावू नका, अर्ध्या भाड्याचा हिशेब पुन्हा फळ्यावर मांडा. कुणी रझाकारांचा विषय काढलाच, तर त्याला 17 सप्टेंबरच्या आसपास स्वतंत्र तासिका द्या. घाईत केलेल्या तुलनेत दोन्ही इतिहास अर्धवट राहतात.