अॅल्युमिनियममध्ये जाम झालेला स्टेनलेस बोल्ट कसा सोडवायचा

बडोद्यात बहुतेक होड्या गोड्या पाण्यात चालतात, म्हणून बोल्ट जाम होणार नाहीत असं धरून चालू नका. आउटबोर्ड इंजिनाचं (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं) अंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचे. ओल मिळाली की या जोडीत अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च बसते. खंभातच्या आखाताकडे चाललेलं जुनं इंजिन घेतलं असेल तर मीठ आधीच मुरलेलं असतं.

ब्रशने भुकटी झाडा, रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (आट्यांत झिरपणारं पातळ तेल) सोडा, सकाळी पुन्हा सोडा. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दहाबारा सरळ, मध्यम ठोके द्या. हादऱ्याने तेल आत उतरतं. गोटी (सॉकेट पाना) सहा कोनांचीच घ्या, बारा कोनांची कडा घासते. जपानी इंजिनांवर एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं बहुधा १२ मिमीचं असतं, तिथे १३ ची गोटी लावली की डोकं गोल झालंच समजा. आधी किंचित आवळा, मग सोडा. हलला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल. करकर ऐकू आली तर थांबा. त्या क्षणी ताकद लावली की बोल्ट तुटतो.

तरी हलेना, तर उष्णता द्या. तापल्यावर अॅल्युमिनियम स्टेनलेसच्या जवळपास दीडपट फुगतं, म्हणून हीट गन बोल्टवर न धरता भोवतालच्या अंगावर फिरवा आणि गरम असतानाच पाना लावा. त्याआधी पेट्रोलची टाकी आणि नळी दूर न्या, सांडलेलं तेल पुसून घ्या; अॅसिटोन मिसळलेलं तेल वापरलं असेल तर उष्णता अजिबात नको. ऑइल सील आणि रबरी भाग जवळ असतील तर आच आवरती ठेवा. बोल्ट फायबरच्या अंगात असेल तर ज्योत लावूच नका, सोल्डरिंग आयर्नचं टोक बोल्टच्या डोक्यावर टेकवून ठेवा.

तुटलाच आणि थोडा खुंट वर राहिला, तर वेल्डरकडून त्यावर नट जोडून घ्या. वेल्डिंगची आचही कामी येते. खुंट आतच राहिला तर बरोबर मध्यावर पंच मारा, ३ मिमीचं भोक पाडा आणि उलट्या आट्यांचं, म्हणजे डावीकडे फिरणारं, ड्रिल चालवा. ईझी-आउट (भोकात उलटा फिरवून खुंट काढायचा स्क्रू) शेवटी वापरा, कारण तो आत तुटला तर त्याच्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरत नाही.

परत बसवताना आटे साफ करून मरीन अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. तांब्याचं नको, तांबं अॅल्युमिनियम आणखी खातं. वंगण लावलेले आटे कमी जोरात जास्त ताणले जातात, म्हणून मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) कोरड्या आट्यांचा असेल तर तो थोडा कमी ठेवा.