सॅलडला पाणी सुटतं, चव जाते? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की सोलापुरात गरम भाजीकडे बघवत नाही. पारा 42 अंशांच्या पुढे सरकतो आणि घरोघरी काकडी-कांदा-टोमॅटोची ताटली पानाशेजारी येते. पण जेवायला बसेपर्यंत ताटलीत पाण्याचं तळं साचलेलं असतं, काकडी लिबलिबीत झालेली असते, मुलं कडेचे दोन काप उचलतात आणि बाकीचं सगळं कचऱ्यात जातं. मग आपण म्हणतो, "आमच्याकडे कच्चं कुणी खातच नाही." खातात हो! मी रोज पानात काहीतरी कच्चं वाढते, आणि मला पुन्हा पुन्हा एकच दिसलंय. सॅलड बिघडतं ते पाण्यापाशी. भाजीतलं पाणी, धुण्याचं पाणी, पालेभाजीच्या पानावर राहिलेलं पाणी, या तिन्हींकडे लक्ष दिलं की निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतात.

मीठ आधी घालणं

सगळ्यात मोठी चूक हीच. काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी असतं. चिरलेल्या फोडीला मीठ लागलं की ते आतलं पाणी बाहेर ओढून घेतं. दहा मिनिटांत काकडी गळते, आणि चव त्या पाण्यात उतरते. बरेच जण मग ती मुठीत दाबून पिळतात आणि पाणी मोरीत ओततात. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही जातं, कारण ते पाण्यात विरघळणारं आहे.

खमंग काकडी करताना सासूबाईंचा हात बघण्यासारखा असतो. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने टोकावर आडवे-उभे दाट घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ तासून ताटात पाडायचा. याला कोचवणं म्हणतात. किसणीवर काकडीचा लगदा होतो, कोचवलेली काकडी मात्र दाताखाली कुरकुरते. त्यावर दाण्याचा कूट, ओलं खोबरं, चिमूटभर साखर घालून ठेवायचं. तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची तडतडली की फोडणी वरून द्यायची. मीठ आणि लिंबू मात्र पानं मांडल्यावर, सगळे बसल्यावर. तोपर्यंत मिठाचा डबा उघडायचा नाही.

कोचवण्याआधी देठाकडचा तुकडा चाखून बघा. कडूपणा बहुधा तिकडेच जास्त असतो. सगळीच काकडी जहर कडू निघाली तर साखर-दही घालून ती खपवू नका, सरळ टाकून द्या.

मीठ किती, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. आपल्याकडे शेंगाचटणी, लोणचं, पापड रोजचेच. म्हणून मी कोशिंबिरीत शेंगाचटणी घालते तेव्हा वेगळं मीठ घालतच नाही. चटणीतलं मीठ, तिखट आणि लसूण पुरतं.

चिरून धुणं

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्यावर घर चालतं, त्यामुळे भाजी घमेल्यात बुडवून ठेवायची आणि त्याच पाण्यात खळबळून काढायची, अशी सवय लागली आहे. यात माती सुटते आणि त्याच पाण्यात भाजीला परत लागते. भाजी अख्खी असतानाच धुवा. एका हाताने वरून तांब्याने बारीक धार सोडा आणि दुसऱ्या हाताने चोळा. पालेभाजी आधी दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. शेवटचं धुणं पिण्याच्या पाण्याने करा, कारण हे शिजणार नाही. खाली पडलेलं पाणी कुंड्यांना जातं, वाया काही जात नाही.

चिरल्यावर धुतलेली भाजी पाणी पिते, आणि तिच्यातले पाण्यात विरघळणारे घटक वाहून जातात. सकाळी चिरून संध्याकाळी खाण्यात तोटा तोच. शिवाय चिरलेल्या कडेला हवा लागते. काकडी-टोमॅटो आयत्या वेळीच चिरा.

ओल्या पानावर तेल

कच्च्या मेथीची पचडी आमच्याकडे भाकरीबरोबर आवडीने खातात. ती कडू होते म्हणून मेथी मीठ चोळून पिळू नका. कोवळी, लहान पानाची मेथी आणा, जून जुडी भाजीला ठेवा. धुतल्यावर पानं जुन्या, बऱ्याच धुण्यांतून निघालेल्या सुती पंच्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा. सोलापूरच्या घरात टॉवेल भरपूर असतात, पण नवा टॉवेल नको, त्याचे तंतू पानांना चिकटतात. पान कोरडं असेल तरच तेल त्याला धरतं. आधी तेल, मग कांदा आणि कूट, शेवटी लिंबू-मीठ.

तेल पूर्ण बंद करणारेही पुष्कळ भेटतात. गाजर, टोमॅटो, मेथी यांतलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. एक चमचा तेल किंवा दोन चमचे कूट पुरे. कूट मात्र मोजून घाला. 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि 560-570 किलोकॅलरीही. बाटलीतल्या मेयोनीजपेक्षा मला कूट शंभरदा बरा वाटतो. लिंबू तर हवंच, कारण मेथी आणि मोडाच्या कडधान्यांतलं लोह क जीवनसत्त्वामुळे चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच चहा घेतला की हा फायदा बराच कमी होतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

नुसत्या काकडीवर रात्र काढणं

वजन कमी करायचं म्हणून रात्री वाटीभर काकडी-टोमॅटो खायचं आणि दहा वाजता चिवड्याचा डबा उघडायचा, हे मी जवळून पाहिलंय. दोष भुकेचा नाही. त्या वाटीत पोटाला आधार देणारं काही नव्हतंच. भिजवलेली मूगडाळ घाला. कानडी घरांतली कोसंबरी नेमकी हीच: दीड-दोन तास भिजवून निथळलेली मूगडाळ, काकडी, खोबरं, लिंबू आणि मोहरीची फोडणी. सुटलेलं थोडं पाणी डाळ धरून ठेवते. सोबत भाकरी खा, किंवा कडक भाकरी चुरून वाढताना वर टाका. एकदा करून बघाच, कुरकुरीतपणासाठी शेव-फरसाण लागत नाही. गोडीसाठी साखरेऐवजी डाळिंबाचे दाणे घाला, तेही शेवटी, नाहीतर ते फुटून सगळी कोशिंबीर गुलाबी होते.

उन्हाळ्यात मोड

हिवाळ्यात मूग रात्रभर भिजतात, ते ठीक. मे महिन्यात तेवढेच तास ठेवले तर सकाळी आंबूस वास येतो. पाच-सहा तास पुरे. निथळून कापडात बांधा आणि कापड सुकू देऊ नका. मोड येताच फ्रीजमध्ये ठेवा. मोड यायला जी ऊब लागते, तीच जिवाणूंनाही मानवते. बुळबुळीत झाले किंवा वास आला तर धुऊन वापरू नका, फेकून द्या. लहान मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना कच्चे मोड नकोतच, पूर्ण वाफवून मगच द्या. दही घातलेली कोशिंबीरही या उन्हात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका.

डब्यातली कोशिंबीर

डबा दुपारी उघडतो आणि पोळ्या भिजलेल्या असतात. टोमॅटोच्या बिया आणि आतला पाणीदार गर काढून फक्त सालीकडचा घट्ट भाग चिरून न्या. मीठ पुडीत, लिंबाची फोड वेगळी. दही नेऊच नका. गाजर, कोबी डब्याला काकडीपेक्षा बरे, त्यांना पाणी कमी सुटतं.

आणि एवढं करूनही भांड्याच्या तळाशी पाणी राहिलंच, तर ते ओतू नका. ज्वारी आणि बेसनाच्या पिठात घालून त्याच पाण्यात संध्याकाळचं धपाटं मळा. मीठ त्यात आधीच आहे, पिठाला पुन्हा घालताना हात आखडता ठेवा.