कार्बोरेटर खोलण्याआधी

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आलेल्या पोरापुढे पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसेडर उभी राहिली, की त्याचा हात आधी कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूवर जातो. तो हात आवरता आला की अर्धं काम आलं. मिसिंग (इंजिनचे ठोके चुकणं), मेलेला पिकअप, सायलेन्सरमधले फटाके, या तक्रारी बिघडलेल्या सीबी पॉइंटनेही (ठिणगीसाठी कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) अगदी तशाच येतात. म्हणून ते पॉइंट घासून गॅप साधारण 0.4 मिमी, प्लगचा 0.6 मिमी ठेवा, कंडेन्सर आणि ठिणगीचं टायमिंग बघा. मग प्लगचं टोक वाचा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी, फिकट बदामी असेल तर ठीक.

दुसरी परीक्षा चोकची, म्हणजे कार्बोरेटरची हवा कमी करणाऱ्या झडपेची. गरम इंजिन मिसिंग मारत असताना चोक किंचित ओढा. सुधारलं तर गाडी लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. आणखी घुटमळलं तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हे उत्तर मिळाल्याशिवाय पाना उचलू नका.

लीन निघाली तर कॉइलची वायर काढा, पंपाचा पुढचा पाइप बाटलीत धरा आणि स्टार्टर मारा. दर धक्क्याला ठसठशीत पिचकारी यायला हवी. बुडबुडे आले तर टाकीकडची रबरी नळी चिरलेली आहे. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जुनं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, मऊ पडतं. नळी आणि डायफ्राम इथेनॉलला टिकणारेच घ्या. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे तोच जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आता थोडा लीन चालतो. पेट्रोल नीट येत असेल तर स्लोवर (रेस न देता) चालू इंजिनच्या मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. आवाज बदलला तिथे हवा ओढतेय. हेच काम पेट्रोल शिंपडून करणारे उस्ताद आहेत. त्यांच्याकडून दुसरं काहीही शिका, हे नको.

आपल्याकडे या गाड्यांचं वर्ष ठरलेलं असतं. तुळशीच्या लग्नापासून उन्हाळाभर वराती, मग पावसाळाभर शेड. तेवढ्यात कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उडून तळाशी चिकट राळ उरते आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून पाणी जमवतं. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये सगळ्यात बारीक भोक स्लो जेटचं, म्हणून तो आधी बुजतो. गाडी अर्ध्या रेसवर छान पळते, पाय काढला की बंद पडते. मेन जेट बुजला तर उलट: स्लो ठीक, चढावर दम नाही. पाय दाबताक्षणी खड्डा पडत असेल, म्हणजे इंजिन क्षणभर दम सोडत असेल, तर इंजिन बंद करून कार्बोरेटरच्या घशात बघत रेस ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसली नाही तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेला. जेट क्लीनरमध्ये भिजवून हवेने फुंका. तार घालू नका, पितळ मऊ असतं. भोक मोठं झालं की गाडी कायमची रिच.

रिच गाडीत आधी एअर फिल्टर काढून बघा, जिनिंगच्या हंगामात कापसाच्या तुसाने तो गच्च होतो. मग चोक पूर्ण परततो का ते बघा. पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर चेंबरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली कचरा असतो किंवा तो बंद करणाऱ्या तरंगत्या फ्लोटला भोक असतं. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल खुळखुळतं का ऐका, मग गरम पाण्यात बुडवा. बुडबुडा आला तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय कथिलाचा डाग देऊ नका, भडका उडतो. आणि डाग जाड झाला तर फ्लोट जड होऊन पातळी चढते.

नवतप्यातली, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हातली, तक्रार वेगळीच. गाडी दहा मिनिटं उभी केली आणि चालूच होईना. पेट्रोलचा वास सुटला असेल तर चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि स्टार्टर मारा. वास नसेल तर पंपात वाफ अडकलीय; पंपावर ओलं फडकं ठेवा. कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर कोणीतरी काढून नुसतं गॅस्केट टाकलेलं असतं, तेही तपासा.

अ‍ॅम्बॅसेडरवर एसयू बनावटीचा कार्बोरेटर असेल तर जेट बदलायची भानगड नाही. त्यातला (इंजिनचा नव्हे) पिस्टन उचलून सोडला की टक् आवाज करत खाली बसला पाहिजे. वरच्या डॅशपॉटमधलं तेल संपलं तरी पिकअपला खड्डा पडतो. जेटचा नट पूर्ण वर नेऊन दोन फेऱ्या खाली आणा. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला. रेस वाढून तशीच राहिली तर रिच, नट एक पैलू (षटकोनी नटाची एक बाजू) वर. बंद पडू लागली तर लीन, एक पैलू खाली. क्षणभर वाढून जागेवर आली तर हात काढा. मे महिन्यात लावलेली गाडी डिसेंबरच्या थंडीत थोडी लीन वाटेल, तेव्हा एक पैलू खाली.